गादीची पहिली झोप

गादीवाल्याच्या मुलीला किळस येणार नाही अशा गोष्टी जगात फार थोड्या होत्या. दुधावरची साय, दुसऱ्याचा टॉवेल, बसमधला दांडा, दादाचे मोजे, पाहुण्यांच्या शेंबड्या बाळाचा मुका, ही तर साधी प्रकरणं. साबणाला चिकटलेला केस दिसला की ती आंघोळ न करताच बाहेर यायची आणि तो केस दादाचा की आत्याचा यावर सकाळचा चहा होईपर्यंत खटला चालायचा. चमचा हातात आला की आधी उजेडात धरून बघायची, मग ओढणीने पुसायची, मग पुन्हा उजेडात. बोलणं सुरू व्हायचं तेच मुळी 'शी!'ने. म्हणून घरात तिचं नाव पडलं नाकमुरडी. शाळेच्या दाखल्यावर दुसरं काहीतरी होतं, पण ते परीक्षेपुरतं.

अशा मुलीने जन्माला यावं ते नेमकं जुन्या गाद्या उसवणाऱ्याच्या घरी!

खाली कारखाना, वर राहायच्या खोल्या. लोकांच्या जुन्या गाद्या कारखान्यात यायच्या. बाबा पात्याने शिवण उसवायचे, गोळे झालेला कापूस बाहेर ओढायचे, तो उन्हात पसरायचा, मग पिंजायच्या यंत्रात जायचा आणि पलीकडून ढगासारखा फुगून बाहेर पडायचा. ढगानंतरचं सगळं छान. पण ढगाच्या आधी गादीतून काय काय निघतं ते नीट सांगितलं, तर वाचणारा आज जमिनीवर झोपेल. केसांचे पुंजके. कापलेली नखं. चघळून झालेलं आणि तिथेच विसरलेलं च्युइंगगम. डॉक्टरांनी दिलेल्या, गिळल्या म्हणून सांगितलेल्या आणि खोळीच्या फटीत सारलेल्या गोळ्या. एकदा तर कवळीचा वरचा अर्धा भाग निघाला. बाबांनी तो धुऊन गिऱ्हाइकाला नेऊन दिला आणि गिऱ्हाइकाने तो तिथल्या तिथे तोंडात बसवून बघितला, हे ऐकून नाकमुरडी त्या दिवशी जेवली नाही. दुसऱ्या दिवशी दादाने मुद्दाम तोच प्रसंग हावभावांसह पुन्हा सांगितला, तेव्हा दुसऱ्या दिवशीही नाही.

डाग वेगळेच. बाबा बोट ठेवून सांगत, "हा चहा. हे डोक्याचं तेल. हा तापातला घाम. आणि हे..." इथे बाबा थांबत आणि पातं पुढे सरकवत. गादी कोणाची आणि डाग कसला, या दोन गोष्टी कधी एका दमात बोलायच्या नाहीत, असा दुकानाचा नियम होता. आजोबांनी घातलेला.

नियम फक्त आत्याला लागू नव्हता. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. नवरा गेल्यावर ती भावाकडे आली ती एक ट्रंक, एक पुदिन्याची कुंडी आणि एक नाक घेऊन. कारखान्यात बुटक्या स्टुलावर बसून ती कापूस निवडायची. मूठभर कापूस नाकाशी न्यायची, डोळे मिटायची आणि निकाल द्यायची.

"यांच्याकडे कोंबड्या आहेत."

"ताई, नियम," बाबा म्हणत.

"हा बाप्या अजून बिड्या ओढतो. बायकोला सांगतो सोडल्या म्हणून."

"ताई!"

"मी कुठे नाव घेतलं? कोपऱ्यावरचा घड्याळवाला, एवढंच म्हटलं मी."

आपलं ठेवावं झाकून आणि दुसऱ्याचं पाहावं वाकून, ही म्हण ज्या कुणी पहिल्यांदा उच्चारली असेल, त्याच्या शेजारी आत्यासारखीच कोणीतरी राहत असणार.

तिचा पुदिना मात्र नाव घेण्यासारखा होता. गच्चीवर रंगाच्या रिकाम्या बादलीत लावलेला, पानं अशी टपोरी आणि गडद, की शेजारीपाजारी फांद्या मागून नेत आणि त्यांच्याकडे त्या आठवड्यात मान टाकत. "हात लागतो त्याला," आत्या म्हणायची. रोज सकाळी घरच्या चहात त्याची पानं पडत. नाकमुरडीच्या मते त्या अख्ख्या घरात स्वच्छ अशी तेवढी एकच वस्तू होती. ती येताजाता पान खुडायची आणि न धुता तोंडात टाकायची. लक्षात असू द्या.

आता खरी गोष्ट. सगळ्या जगाला नाक मुरडणाऱ्या या मुलीचं रात्री अंथरूण ओलं व्हायचं.

लहानपणी ते थांबलं होतं, पण चौदाव्या वर्षी पुन्हा सुरू झालं आणि ती सतराची झाली तरी चालूच होतं. रोज नाही. रोज असतं तर निदान सवय झाली असती. दहा रात्री कोरड्या जायच्या, तिला वाटायचं सुटले, आणि अकराव्या रात्री स्वप्नात तो संडास यायचा. पांढऱ्याशुभ्र फरशा, चकचकीत नळ, कोपऱ्यात एक कोळ्याचं जाळं म्हणून नाही. इतका स्वच्छ संडास तिने जागेपणी कधी पाहिला नव्हता. तिथे संशय घ्यायचा तरी कशावरून? ती निर्धास्त बसायची. आधी ऊब लागायची, मग गारठा, मग जाग, आणि मग तो वास. दुसऱ्याच्या घाणीपासून माणूस खुर्ची मागे सरकवू शकतो. नाकमुरडी त्या ओल्या चादरीवर बसून स्वतःलाच 'शी!' म्हणायची आणि सरकायला जागा नसायची.

हे फक्त आईला माहीत होतं. आईने सर्दीचं निमित्त करून तिला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, "असतं काही मुलांना या वयातही. जाईल. पाणी दिवसा भरपूर, संध्याकाळनंतर बेताने. निजायच्या आधी जाऊन यायचं, रात्री एकदा उठून जायचं. आणि मुख्य म्हणजे, हिच्यावर ओरडायचं नाही." आईने चादरीखाली प्लास्टिक घातलं. ते कूस बदलली की बिस्किटाच्या पुड्यासारखं वाजायचं. ओरडणं तर आईने आधीही केलं नव्हतं.

अडलं होतं ते 'उठून जायचं' या ठिकाणी. कारण घरातला संडास खाली, कारखान्याच्या मागच्या टोकाला. आणि कारखान्यात रात्री खोळी टांगलेल्या असत.

कापूस काढून घेतलेल्या, धुतलेल्या रिकाम्या खोळी. आडव्या दोरीवर एकीला लागून एक, माणसाएवढ्या उंच. वर्षानुवर्षं ज्या जागी पाठ टेकली, ज्या जागी टाचा घासल्या, तिथे तिथे कापड ताणून पोक आलेलं. अंधारात बघितलं तर सोललेली माणसं वाळत घातली आहेत असं वाटावं. त्यात बाबांचं गिऱ्हाईक कसलं, तर घरातलं माणूस गेलं की लोक आधी त्याची गादी पिंजायला पाठवत. आज दोरीवर कोण कोण आहे, हे नाकमुरडीला नुसत्या पट्ट्यांवरून कळायचं. अशा रांगेच्या खालून वाकून जायचं, ओल्या कापडाचा कोपरा मानेला लागणार, आणि मग पुन्हा परत यायचं! त्यापेक्षा ती दात आवळून पडून राही. पडून राहता राहता झोप लागे. झोपेत संडास येई.

इतकं असूनही निभावलं असतं. पण त्या घरात एक रीत होती, जी दुसऱ्या कुठल्या घरात नसेल.

नवी गादी भरून, काठीने झोडपून, टाके घालून झाली, की बाबा ती लगेच गिऱ्हाइकाला देत नसत. तिच्यावर आधी एक रात्र कुणीतरी हलक्या अंगाचं झोपायचं. त्याने कापूस बसतो आणि कुठला टाका सैल आहे ते सकाळी कळतं, असं बाबांचं म्हणणं. याला घरात 'पहिली झोप' म्हणत. आई जाडीकडे झुकलेली, दादा झोपेत लाथा झाडणारा, आत्याचं वजन हा विषयच काढायचा नाही. तेव्हा पहिली झोप लहानपणापासून नाकमुरडीची. बाबा गिऱ्हाइकांना छाती फुगवून सांगत, "आमची मुलगी झोपून बघते, मगच गादी दाराबाहेर पडते. अहो, तिच्याइतकं चिकित्सक माणूस तुम्हाला शोधून सापडणार नाही."

चिकित्सक माणूस तेव्हा जिन्यात उभं राहून घामाघूम होत असे. नव्या गादीवर प्लास्टिक घालायला बाबांची बंदी होती. गादीला अंग कळलं पाहिजे म्हणे. म्हणून गेली तीन वर्षं एक गुपचूप व्यवस्था चालू होती. पहिल्या झोपेच्या रात्री आई 'आज इथे वारा बरा आहे' असं म्हणून मुलगी निजायची त्या वरच्या सज्जात येऊन नव्या गादीवर झोपायची आणि मुलगी खाली जमिनीवर. सकाळी बाबा गादी चाचपत आणि म्हणत, "मधे जरा जास्तच दबलीय." आई म्हणे, "पोरगी वाढत्या अंगाची आहे."

त्या उन्हाळ्यात दोन गोष्टी एकदम झाल्या. नाकमुरडीला औषधं तयार करण्याच्या पदविकेला प्रवेश मिळाला. कॉलेज दुसऱ्या गावी, मुलींचं होस्टेल आवारातच. पांढरा कोट, हातमोजे, डोक्यावर टोपी, सगळं झाकणबंद बाटल्यांमध्ये! केस, नखं, कवळ्या यांपासून कायमची सुटका. ती माहितीपत्रकातला प्रयोगशाळेचा फोटो बघत बसायची. आणि त्याच होस्टेलच्या रेक्टरबाईंनी बाबांना नव्या खोल्यांसाठी गाद्यांची ऑर्डर दिली. बाबांना आकाश ठेंगणं झालं. "माझी मुलगी माझ्याच गादीवर झोपणार!" ते येईल त्याला सांगत सुटले. आणि नेमक्या त्याच आठवड्यात मावशीच्या ऑपरेशनसाठी आई तिच्याकडे राहायला गेली.

गाद्या एकेक करून तयार होऊ लागल्या. रोज एक नवी गादी सज्जात. पहिल्या रात्री नाकमुरडी खाली जमिनीवर निजली, तर पहाटे बाबा टाके बघायला वर आले आणि म्हणाले, "अगं, पडलीस की काय?" तेव्हापासून ती गादीवर बसून रात्र काढू लागली. पाढे म्हटले, नखं कुरतडली (आणि कुरतडल्याबद्दल स्वतःची किळस करून घेतली), डोळ्याला पाणी लावलं. पण झोप सावकारासारखी असते, थकबाकी साठली की एकदम वसुलीला येते. शेवटच्या गादीच्या रात्री ती बसल्या बसल्या कलंडली आणि थेट पांढऱ्या फरशांच्या संडासात पोहोचली.

सकाळी तिने गादी उलटी केली. आता आंघोळ करून येते, मग गच्चीवर उन्हात टाकते, बाबांना सांगते की ढेकूण दिसला म्हणून, असा सगळा बेत तिने डोक्यात रचला. डोक्यावर पाणी ओतत असतानाच खाली टेम्पो सुरू झाल्याचा आवाज आला. ती ओल्या केसांनी धावत सज्जात आली. गादी नव्हती. आयुष्यात कधी वेळेवर न उठलेला दादा त्या दिवशी वेळेवर उठला होता.

नंतरचे दिवस तिने कसे काढले ते तिलाच ठाऊक. जिथे आपण स्वच्छ व्हायला निघालो, तिथे आपली घाण आपल्याआधी पोहोचली. कोणीतरी परकी मुलगी त्यावर गाल टेकून झोपेल, या विचाराने तिला उमासे येत. ती गादी फिरून आपल्याच वाट्याला येईल, या विचाराने तर जास्तच.

रेक्टरबाईंचा फोन आला तेव्हा बाबा टाके घालत होते.

"गादीवाले, तुमच्या एका गादीला वास मारतोय हो. आत जुना कापूस भरलात काय?"

बाबांचा चेहरा वांग्याच्या रंगाचा झाला. जुना कापूस! दुसरी कुठलीही शिवी त्यांनी पचवली असती. संध्याकाळच्या आत गादी परत आली. बाबांनी ती कारखान्याच्या मधोमध टाकली आणि पातं फिरवलं. आतला कापूस दुधासारखा पांढरा होता आणि त्यात मधोमध एक पिवळट डाग, कडेने तपकिरी.

"बेटाचा नकाशा आहे हा," दादा म्हणाला. "हा बघा किनारा. इथे बंदर काढता येईल."

"मांजर!" बाबा गरजले. "कापसात येऊन झोपतं ते. आज त्याला पोत्यात घालून नदीपलीकडे सोडून येतो."

जिन्यावर उभ्या असलेल्या नाकमुरडीच्या जिवात जीव आला. मांजराची वर्तणूक तशीही काही आदर्श नव्हती. आणखी एक आरोप त्याने सहज पेलला असता. पण आत्या स्टुलावरून उठली. तिने मूठभर कापूस घेतला, नाकाशी नेला, डोळे मिटले.

"मांजर नव्हे," आत्या म्हणाली. "मांजराचा डोळ्यांत जातो. हा माणसाचा आहे."

"माणसाचा कसा असेल? ताई, ही गादी दाराबाहेर पडेपर्यंत तिच्यावर कोणी..." बाबा बोलता बोलता थांबले. तिघांनीही जिन्याकडे बघितलं.

नाकमुरडीने त्या वेळी नाक मुरडलं नाही. ती वर पळाली आणि सज्जाचं दार लावून घेतलं. पण लाकडी जमिनीतून सगळं ऐकू येत होतं, विशेषतः आत्या.

"सतरा वर्षांची घोडी! अशी मुलगी चार मुलींत ठेवणार तू? पहिल्याच महिन्यात हातात गाठोडं देऊन परत पाठवतील. नाक कापलं जाईल आपलं, नाक!"

"हळू बोल ताई."

"काय हळू? शी! मी हातात धरला तो कापूस!"

मग बाबांचा आवाज, थकलेला. "राहू दे यंदा होस्टेल. इथेच बघू काहीतरी. तोवर उसवायला मदत होईल तिची."

उसवायला! नाकमुरडीने उशीत तोंड खुपसलं. पुढच्या साऱ्या जन्माचे केस, नखं आणि कवळ्या तिच्या डोळ्यांपुढून गेल्या.

त्या रात्री पुन्हा व्हायचं ते झालं. उजाडता उजाडता ती खंगाळलेली चादर बादलीत घेऊन गच्चीवर गेली. तिला वाटलं होतं गच्ची रिकामी असेल. पण पुदिन्याच्या बादलीपाशी आत्या पाठमोरी वाकून उभी होती. हातात तिचा तो बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा होता. हा डबा नेहमी आत्याच्या खाटेखाली असे, वर फडकं बांधलेलं. त्यात ती कवळी भिजवते असा घरातला सर्वसाधारण समज होता. आत्याला कवळी नव्हती, ही गोष्ट कोणाच्या डोक्यात आली नव्हती.

"काय करतेस आत्या?"

आत्या अशी दचकली की डबा वाजला. "पाणी घालतेय. दिसत नाही?"

"पाण्याला फेस येतो?"

"नळाला येतो कधी कधी."

नाकमुरडी दोन पावलं पुढे आली आणि थांबली. आत्याचं नाक भावाकडे उतरलं नव्हतं, पण भाचीकडे पुरेपूर उतरलं होतं.

"मांजर नव्हे," ती म्हणाली.

मग नाकमुरडीच्या डोळ्यांपुढे एकेक पान येऊ लागलं. सकाळचा चहा. संध्याकाळचं सरबत. येताजाता खुडलेलं, न धुता तोंडात टाकलेलं एकेक टपोरं पान.

"आत्या! आम्ही रोज... चहात... शी! शी!! शीऽऽ!!!"

"ओरडू नकोस, तुझा बाप उठेल! नुसतं घालत नाही मी. एकाला दहा पाणी घालते."

"दहा!"

"मग? मेलं का कोणी आजवर? उलट घरातली सर्दी गेली सगळ्यांची."

नाकमुरडीने कठड्यावरून मान बाहेर काढली आणि जे काही पोटात होतं ते खालच्या पत्र्यावर गेलं. आत्याने तिची वेणी मागे धरली, पाठ चोळली. ते हात कुठले हात आहेत हे आठवून नाकमुरडी पुन्हा कठड्याकडे वळली.

"संडासात जायला काय होतं तुला?" तोंड पुसत तिने विचारलं.

आत्याने डबा पदराआड लपवला. सगळ्या गल्लीच्या भानगडी हुंगणारी ती बाई एकाएकी लहान दिसू लागली. "जिन्याजवळ ती निळ्या पट्ट्यांची खोळ असते ना. कोणाची आहे कोण जाणे, न्यायला आलेच नाहीत. अगदी तुझ्या आतोबांच्या उंचीची. खांद्यात तशीच वाकलेली. रात्री खाली उतरलं की वाटतं, हे आले आणि विचारतायत, काय गं, निवांत आहेस ना भावाकडे."

"निळ्या पट्ट्यांची? ती हलते."

"हलते ना!" आत्याने तिचा दंड पकडला. "बघ! तुझा बाप म्हणतो वारा. खिडक्या बंद असताना कसला आलाय वारा?"

"मला तर वाटतं तिच्या टाचा वाजतात."

"टाचांचं मला माहीत नाही, पण खोकते मात्र."

दोघी गच्चीच्या कठड्याशी टेकून उभ्या राहिल्या, एकीच्या हातात ओली चादर, दुसरीच्या हातात डबा. वासाबद्दल बोलायची आता दोघींनाही सोय नव्हती.

"सांगशील खाली?" आत्याने हळूच विचारलं.

"तू माझं सांगितलंसच की. भर कारखान्यात. मूठ वर करून."

आत्याने नाकमुरडीच्या हातातून चादरीचं एक टोक घेतलं, दोघींनी मिळून ती पिळली आणि दोरीवर टाकली.

आई त्याच दिवशी दुपारी परत आली. संध्याकाळी सगळे चहाला बसले असताना आत्याने बशी खाली ठेवली.

"मुलगी होस्टेलला जाईल."

बाबांना ठसका लागला. "ताई, कालच तू म्हणालीस नाक कापलं जाईल!"

"नाक माझं आहे. मी बघून घेईन."

"आणि तिथे पुन्हा असं झालं म्हणजे?"

"म्हणजे गादी ओली होईल. गादीवाल्याच्या तोंडी हा प्रश्न शोभतो? एवढी यंत्रं आणि एवढी हत्यारं घेऊन बसलायस, ओली झाली तर सुकवता येईल अशी एक गादी करता येत नाही तुला? तीन तुकड्यांची कर. मधला काढून वाळत घालता आला पाहिजे."

"तीन तुकड्यांची?" बाबांचा चेहरा दुखावला. "ती काय गादी झाली? त्या तीन उशा झाल्या."

"आणि खोळी रात्री खाली उतरवून घड्या घालून ठेवायच्या. जिन्यात दिवा लावायचा."

"खोळींचं काय मधेच?"

"मला भीती वाटते त्यांची," नाकमुरडी म्हणाली. तीन वर्षांत ती हे पहिल्यांदाच मोठ्याने बोलत होती.

बाबांनी तिच्याकडे बघितलं. "अगं, रिकाम्या असतात त्या."

"म्हणूनच तर."

बाबांनी आईकडे बघितलं आणि आईने मान हलवली, तेव्हा त्यांना गेल्या तीन वर्षांतल्या मधेच दबलेल्या सगळ्या गाद्या आठवल्या असाव्यात. "मला सांगायचं नाही का," एवढंच ते म्हणाले.

"मलाही वाटते," आत्या म्हणाली. "भीती."

"तुला?" दादा हसला. "आत्या, मग इतकी वर्षं तू रात्री कुठे..."

प्रश्न अर्धाच राहिला. आईचा कप ओठांपाशी येऊन थांबला होता. तिने एकदा आत्याकडे बघितलं, एकदा कपातल्या हिरव्या पानाकडे, आणि कप आवाज न करता खाली ठेवला. त्या दिवसानंतर आई बिनपुदिन्याचा चहा घेऊ लागली. पित्त होतं म्हणाली.

"आज काय झक्कास उतरलाय चहा!" दादाने तळाशी राहिलेली पानं बोटाने काढून चोखली. "आत्या, तुझ्या पुदिन्याला तोड नाही."

नाकमुरडी उठून गेली.

बाबांनी ती गादी केली. पहिले दोन दिवस कुरकुरत, मग कुरकुर विसरून. तीन तुकडे, तिन्हींवर आतून रेक्झिन, वरून एकच खोळ, बाजूला बटणं. लावलेली असताना कोणाला कळू नये आणि मधला तुकडा काढून खिडकीत टेकवता यावा. रेक्टरबाईंना त्यांनी फोनवर सांगितलं की मांजर होतं, माझं लक्ष राहिलं नाही, माझीच चूक. जुना कापूस नव्हता, हे मात्र तीनदा सांगितलं. मांजर तेव्हा कापसात झोपलं होतं. पहिली झोप आता आत्याकडे आली. टाका सैल असेल तर तिच्या खाली तो सकाळपर्यंत टिकतच नसे, त्यामुळे तपासणी उलट पक्की होऊ लागली.

खोळी उतरल्या, दिवा लागला. नाकमुरडी रात्री उठून खाली जाऊ लागली, म्हणजे ज्या रात्री जाग येई त्या रात्री. ज्या रात्री येत नसे त्या रात्री पांढऱ्या फरशा होत्याच.

बदली गादी द्यायला दादाबरोबर टेम्पोत आत्या गेली. सगळं होस्टेल हिंडून आली. आल्या आल्या सज्जात येऊन तिने दार लावलं.

"संडास खोल्यांना लागूनच आहे, रात्रभर दिवा असतो. फरशी पांढरी नाही, मळकट हिरवी आहे, पण चालेल. आणि ऐक. जुन्या खोल्यांतून एक फेरी मारली मी. सगळ्या गाद्यांवर जरा जरा टेकून आले."

"आत्या! हुंगल्यास?"

"पाय दुखत होते, बसले. दोघी आहेत तिथे. निदान दोघी."

"कुठल्या?"

आत्याने तोंड उघडलं. जन्मभराच्या सवयीने नाव अगदी ओठांवर आलं होतं, स्पष्ट दिसत होतं. मग तिने ते गिळलं.

"दुकानाचा नियम आहे," ती म्हणाली.

निघायच्या दिवशी टेम्पोत ट्रंक चढली, गादी चढली. आत्याने कापडी पिशवीतून काहीतरी काढून नाकमुरडीच्या हातात ठेवलं. नवा कोरा डबा होता, कडी-झाकणाचा.

"शी!" नाकमुरडी म्हणाली.

"शी काय? नवा आहे. कधी दिवे गेले, कधी पाय उतरेना, तर असू दे. झाकण घट्ट बसतं. भरून, उलटा करून बघितलाय मी."

नाकमुरडीने डबा घेता घेता हात थांबवला. "पाण्याने भरून ना?"

आत्या टेम्पोच्या चाकाकडे बघत होती. "हवा कमी वाटते रे मागच्या चाकात," ती दादाला म्हणाली.

नाकमुरडीने डबा ओढणीने पुसला. उजेडात धरून आत बघितलं, पुन्हा पुसला. मग ट्रंक उघडून, सगळ्या घडीच्या कपड्यांखाली, अगदी तळाशी ठेवला.